ओळख पटेना!



पूर्वी गावात पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई. सही किंवा अंगठा घेऊन तो पैसे मोजून देई. पण त्याआधी एक काम तो न बोलता करी. समोरच्या माणसाकडे नीट पाहून, हाच तो, अशी तो खात्री करून घेई. वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यामुळे त्याला घर न् घर ठाऊक असे. शंका आलीच, तर शेजाऱ्याला साक्षीला बोलावले जाई.

आज आपला निरोप क्षणार्धात जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल ही निरोपाची ॲप्स तुमच्या परिचयाची आहेतच. पण या निरोपांची ने-आण करणाऱ्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, तुम्हाला कधी पाहिलेले नाही. त्याला शेजारी नाहीत आणि साक्षीदारही नाहीत. मग तो तुम्हाला ओळखतो कसा? आणि कधीकधी ओळखत का नाही?

नवा फोन घेतला, जुना हरवला किंवा ॲप चुकून पुसले गेले, की पुन्हा प्रवेश करावा लागतो. यालाच लॉग-इन करणे म्हणतात. नेमके याच वेळी दार अडते. 'कोड चुकीचा आहे', 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' अशा पाट्या पडद्यावर झळकतात. मदत मागावी, तर ठरावीक साच्यातले उत्तर येते. मग माणूस चिडतो. वणीत राहणारा असो, पुसदचा असो की घाटंजीजवळच्या एखाद्या लहान गावातला असो, हा अनुभव सर्वांना सारखाच येतो.

आणि प्रश्न केवळ गप्पागोष्टींचा नाही. वर्गाच्या सूचना याच ॲपवर येतात. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या ॲपवर नोंदणीची पद्धत सुरू झाली. तेथेही प्रवेश फोनवर आलेल्या अंकांनीच करायचा असतो. म्हणून हे दार कसे बांधलेले असते, ते समजून घेऊ या. रचना कळली की दोष शोधता येतो.

सहा अंकांचा प्रवास

तुम्ही ॲपमध्ये आपला फोन क्रमांक लिहिता. तो खरोखर तुमचाच कशावरून? सर्व्हर एक युक्ती करतो. तो सहा अंकांची एक संख्या स्वैरपणे निवडतो आणि त्या क्रमांकावर एसएमएसने पाठवतो. तुम्ही ती वाचून परत सांगितलीत, तर तो क्रमांक या क्षणी तुमच्या हाती आहे, हे सिद्ध झाले. एकदाच वापरायच्या या संख्येला आपण ओटीपी म्हणतो. ध्यानात घ्या, 'तुम्ही कोण' हे सर्व्हरला कळलेलेच नाही. 'सिम कोणाच्या हाती आहे' एवढेच त्याला कळले.

आता ही संख्या कोणत्या वाटेने येते, ते पाहा. ॲपच्या सर्व्हरकडून ती एसएमएस पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जाते. तेथून ती दूरसंचार कंपनीच्या संदेशकेंद्रात येते. संदेशकेंद्र तुमचे सिम सध्या कोणत्या भागात आहे याची नोंदवहीत चौकशी करते. मग निरोप तुमच्या जवळच्या मनोऱ्याकडे आणि तेथून रेडिओ लहरींनी तुमच्या फोनकडे येतो. फोन बंद असेल किंवा लहरी पोचत नसतील, तर संदेशकेंद्र निरोप जपून ठेवते आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून पाहते. साध्या निरोपाला ही सोय उत्तम. पण ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. तो उशिरा पोचला, तर पोचूनही वाया गेला!

या साखळीतील कोणतीही कडी निसटू शकते. रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाले, की येणारे एसएमएससुद्धा बंद होतात. फोनाची साठवण भरली, तरी निरोप अडू शकतो. आणखी एक गंमत पाहा. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. झरी-जामणी तालुक्याच्या बाजूला तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. रेडिओ लहरींना नदीची सीमा ठाऊक नसते. अलीकडच्या काठावर असलेला फोन पलीकडचा मनोरा पकडू शकतो, आणि तो मनोरा महाराष्ट्राच्या नव्हे, तर आंध्र प्रदेश दूरसंचार मंडळात मोडतो. अशा वेळी फोनातील 'डेटा रोमिंग' बंद असेल, तर एसएमएस येतो, पण इंटरनेट चालत नाही. हातात अंक आहेत. पण ते सर्व्हरला परत सांगायची वाट बंद!

सिम बदलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या देशात बंद झालेला क्रमांक ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. तुमचे खाते अजून जुन्याच क्रमांकावर असेल, तर त्याचे ओटीपी आता परक्याच्या हातात पडतील. म्हणून क्रमांक सोडण्यापूर्वी खात्यातील क्रमांक बदलून घ्यावा.

घाई केली की उशीर होतो

ओटीपी आला नाही, की आपण काय करतो? 'पुन्हा पाठवा' हे बटण दाबतो, आणि मग दाबतच राहतो. याचा परिणाम काय होतो, ते साध्या गणिताने पाहू.

समजा, त्या दिवशी निरोप पोचायला ९० सेकंद लागत आहेत आणि तुम्ही दर ६० सेकंदांनी बटण दाबत आहात. पहिला अंक तुम्ही १० वाजता मागितला. तो १० वाजून १ मिनिट ३० सेकंदांनी येईल. पण १० वाजून १ मिनिटाला तुम्ही दुसरा मागितलेला आहे. अनेक सेवांमध्ये नवा अंक निघाला की जुना रद्द होतो. म्हणजे हातात आलेला पहिला अंक रद्द झालेला आहे. दुसरा अंक १० वाजून २ मिनिटे ३० सेकंदांनी येईल. तोवर तिसरा मागून झालेला असेल. अशा रीतीने येणारा प्रत्येक अंक शिळाच ठरेल आणि पडद्यावर 'कोड चुकीचा आहे' हेच वाक्य पुन्हा पुन्हा दिसेल. दोष कोणत्याही यंत्राचा नाही. मागणीतील अंतर प्रवासाच्या वेळेपेक्षा कमी आहे, एवढेच.

चार-पाच चुका झाल्या, की सर्व्हर तुम्हाला काही वेळ थांबवून ठेवतो. हा त्याचा आडमुठेपणा वाटतो. पण विचार करा. सहा अंकी संख्या एकूण १०,००,००० होतात. सेकंदाला १,००० संख्या घालून पाहणारे यंत्र एखाद्या चोराने जोडले, तर १,००० सेकंदांत, म्हणजे जेमतेम १७ मिनिटांत, तो सर्व संख्या संपवील. याउलट तीनच संधी दिल्या, तर त्याच्या यशाची शक्यता १० लाखांत ३ इतकीच उरते. कुलूप सहा अंकांमुळे जितके बळकट झाले आहे, तितकेच ते थांबायला लावण्यामुळेही झाले आहे.

घड्याळ चुकले तर?

फोनाचे घड्याळ चुकले म्हणून निरोप अडतो, असे कोणी सांगितले तर तुम्हाला हसू येईल. पण ते खरे आहे. सर्व्हरशी बोलण्यापूर्वी ॲप त्याचे 'प्रमाणपत्र' तपासते, कारण सर्व्हरही तोतया असू शकतो. त्या प्रमाणपत्रावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे लिहिलेले असते. फोनात चुकून २०१५ साल लागले असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला भविष्यकाळातले वाटते आणि तो बोलणेच नाकारतो.

काही सेवांत एसएमएसऐवजी फोन स्वतःच अंक तयार करतो आणि दर ३० सेकंदांनी ते बदलतात. ही रीत २०११ मध्ये प्रमाणित झाली. तिचे तत्त्व तुम्ही वर्गात करून पाहू शकता.

दोघांनी मिळून एक गुप्त अंक ठरवा. समजा, तो ३७ आहे. मध्यरात्रीपासून किती मिनिटे झाली ती संख्या त्याने गुणायची आणि गुणाकाराचे शेवटचे तीन अंक हा कोड समजायचा. सकाळी १०.१५ ला ६१५ मिनिटे होतात. ६१५ × ३७ = २२,७५५; म्हणून कोड ७५५. एका मिनिटाने ६१६ × ३७ = २२,७९२; कोड ७९२. दोघे खोलीच्या दोन टोकांना बसून, एकमेकांशी न बोलता तोच कोड काढू शकतात. मात्र एकाचे घड्याळ एक मिनिट मागे असेल, तर तो ७५५ म्हणेल आणि दुसरा ७९२ ची वाट पाहत बसेल. गुप्त अंक बरोबर, गुणाकार बरोबर, तरीही ओळख पटणार नाही!

आता तिसऱ्या मित्राला लागोपाठचे हे दोन कोड ऐकू द्या. त्याने ७९२ मधून ७५५ वजा केले, की ३७ हे गुपित त्याच्या हाती! म्हणून खऱ्या यंत्रणेत साधा गुणाकार चालत नाही. तेथे असे गणित वापरतात, की ते पुढे करणे सोपे. पण उत्तरावरून मागे गुपितापर्यंत जाणे व्यवहारात अशक्य.

दोष आपला नसतो तेव्हा

८ मार्च २०२१ रोजी देशभर ओटीपी अडले. व्यापारी एसएमएसच्या उपद्रवाला आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये नियम केले होते. संदेश पाठवणाऱ्या संस्थेने आपला मजकुराचा साचा आधी नोंदवावा आणि साच्याशी न जुळणारा संदेश दूरसंचार कंपन्यांनी रोखावा, असा त्यातील एक भाग होता. ही गाळणी त्या दिवशी सुरू झाली. अनेक संस्थांचे साचे नोंदलेले नव्हते किंवा जुळत नव्हते. परिणामी बँका, आधार आणि नुकतीच सुरू झालेली लसीकरणाची नोंदणी, सर्वांचे ओटीपी गाळणीत अडकले. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने ही अंमलबजावणी सात दिवसांसाठी स्थगित केली. त्या दिवशी कोणी फोन कितीही वेळा बंद-चालू केला असता, तरी उपयोग झाला नसता.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीच्या संगणककेंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. 'आमचा पत्ता अमुक' असे इंटरनेटला सांगणारे सर्व्हरही त्यामुळे दिसेनासे झाले. कंपनीच्या अभियंत्यांची स्वतःची साधने याच जाळ्यावर चालत होती. तीही बंद पडली आणि दुरुस्तीला अधिक वेळ लागला. अशा वेळी घाबरून ॲप पुसून टाकणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते. सेवा बंदच असते, शिवाय प्रत जपून ठेवलेली नसेल तर जुने निरोपही जातात.

म्हणून पहिली तपासणी ही, की शेजाऱ्याच्या फोनवर तेच ॲप चालते का? चालत नसेल, तर स्वस्थ बसणे हाच उपाय.

मदतनीस हतबल का असतो?

आता त्या संतापाच्या मुळाकडे वळू. तुम्ही मदत मागता, 'हे माझेच खाते आहे, मला उघडून द्या.' मदतनीस शेकडो मैलांवर बसलेला असतो. तुमचे म्हणणे त्याला पटकन खरे वाटले आणि त्याने खाते उघडून दिले, असे समजा. तुमचे काम झाले. पण उद्या एखादा चोर हीच वाक्ये, याहून काकुळतीच्या स्वरात त्याला सांगेल. मदतनिसाला दोघांत फरक करता येणार नाही. ज्याच्याकडे सर्वांच्या किल्ल्या आहेत, त्याला फसवले की सर्वांची घरे उघडतात. म्हणून किल्ली त्याच्या हाती न देण्याकडेच कल असतो. त्याची हतबलता आणि तुमची सुरक्षितता या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

व्हॉट्सॲपमध्ये २०१७ पासून ओटीपीच्या जोडीला स्वतःचा सहा अंकी पिन ठेवण्याची सोय आहे. तो विसरला आणि ईमेलही नोंदवलेला नसेल, तर ७ दिवस थांबावे लागते. ही मुदत जाचक वाटते. पण कोणी तुमचे सिम पळवले असेल, तर तेवढ्या अवधीत तुम्ही दूरसंचार कंपनीकडून ते बंद करून नवे मिळवू शकता.

साचेबंद उत्तरांचे कारण वेगळे आहे. तक्रारी असंख्य आणि त्यांची कारणे थोडी. म्हणून पहिले उत्तर बहुधा ठरलेल्या यादीतून, पुष्कळदा यंत्राकडूनच येते. तुमच्या तक्रारीत माहिती नसेल, तर यादीच्या पलीकडे जायला वाव नसतो. याचा अर्थ सेवा देणाऱ्यांची जबाबदारी संपते असा नाही. त्यांना जाब विचारता येतो. मात्र तो नीट विचारता आला पाहिजे.

तक्रार म्हणजे प्रयोगवहीचे पान

'माझे ॲप चालत नाही, लवकर दुरुस्त करा.' या वाक्यातून काय कळते? काहीच नाही. आता हे वाचा:

'१२ तारखेला सकाळी १०.०५ वाजता प्रवेशाचा प्रयत्न केला. ओटीपी ३० मिनिटांत आला नाही. याच सिमवर मित्राने पाठवलेला साधा एसएमएस लगेच आला. हेच सिम दुसऱ्या फोनात घातले, तरी ओटीपी आला नाही. त्याच जागी मित्राच्या क्रमांकावर याच ॲपचा ओटीपी एका मिनिटात आला. फोनाची तारीख व वेळ बरोबर आहे.'

प्रत्येक वाक्याने एकेक शंका दूर केली आहे. साधा एसएमएस आला, म्हणून सिम व मनोरा ठीक. दुसऱ्या फोनातही ओटीपी नाही, म्हणून दोष फोनाचा नाही. मित्राला ओटीपी आला, म्हणून सेवा चालू आहे. उरले काय? या विशिष्ट क्रमांकाकडे येणारे या विशिष्ट सेवेचे संदेश. प्रयोगशाळेत तुम्ही हेच करता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या आणि दिसेल ते वेळेसह लिहायचे.

तक्रारीत ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मात्र कधीही लिहू नये. दोष सिमचा किंवा एसएमएसचा असेल, तर दूरसंचार कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार करावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. दोष ॲपचा असेल, तर ॲपमधील मदतीच्या पानावरून लिहावे. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. निकाल मान्य नसेल, तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. या समित्यांचे काम १ मार्च २०२३ पासून सुरू झाले.

खोटा मदतनीस

खरा मदतनीस संथ, साचेबंद आणि किल्ली नसलेला असतो, हे आपण पाहिले. आता कंटाळलेला माणूस इंटरनेटवर 'मदत क्रमांक' शोधतो. एक फोन लागतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, नाव विचारतो, दिलगिरी व्यक्त करतो आणि म्हणतो, 'आत्ता एक नंबर येईल, तेवढा सांगा.' हवी होती तशी मदत अखेर मिळाली, असे वाटते. आणि तेथेच घात होतो. ओटीपी म्हणजे 'सिम माझ्या हाती आहे' याचा पुरावा. तो सांगितला, की पुरावा त्याच्या हाती गेला. तुमचा फोन दुरून पाहता येईल असे एखादे ॲप घालायला तो सांगतो, तेही याचसाठी.

म्हणून कसोटी सोपी आहे. तुमचा ओटीपी मागणारा मदतनीस नसतो. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे मधल्या मध्ये रोखले जाण्याची शक्यता अधिक.

ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना तुम्हीच समजावून सांगू शकता. 'सांगू नका' एवढेच म्हटल्याने काम भागत नाही. का सांगायचे नाही, हे कळले की ते ध्यानात राहते.

करून पाहा

१. गुप्त अंक व घड्याळ यांचा वरील खेळ वर्गात खेळा. ३७ ऐवजी १०० हा अंक घेतला तर कोणती अडचण येईल? २५० घेतला तर?

२. निरोप पोचायला १२० सेकंद लागत असतील आणि नवा अंक निघताच जुना रद्द होत असेल, तर दोन मागण्यांमध्ये कमीत कमी किती अंतर ठेवावे?

३. चार अंकी ओटीपी आणि पाच संधी असतील, तर चोराच्या यशाची शक्यता किती? सहा अंकी व तीन संधींच्या तुलनेत ती किती पट आहे?

४. शिक्षकांनी सायकलचा दिवा, वर्गातील पंखा किंवा शाळेतील नळ यांपैकी एखाद्या बिघाडाची तक्रार मुलांकडून लिहून घ्यावी. तक्रार दुसऱ्या गटाला द्यावी आणि केवळ कागद वाचून त्या गटाला दोष ओळखता येतो का, ते पाहावे.